दहा टक्के खाल्ले तर सैन्य दहा टक्केच दुबळं होतं का?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका मुलीने मला प्रश्न पाठवला आहे. तिचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि पुढच्या महिन्यात ती एका जहाजबांधणी कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर रुजू होणार आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, अमक्या देशाचं सैन्य भ्रष्टाचाराने पोखरलं होतं म्हणून हरलं, असं सारखं ऐकते. हे माझ्या हिशेबात बसत नाही. शंभरातले दहा रुपये खाल्ले तरी नव्वद उरतात, मग ताकद दहा टक्केच कमी व्हायला हवी. अख्खं सैन्य कसं कोसळतं? आणि खोटा अहवाल म्हणजे शेवटी कागदच ना? कागदामुळे लढाई कशी हरते?"

नोकरीला लागण्याआधी तुला हा प्रश्न पडला, बाय, याचं मला फार बरं वाटलं. मी तेहतीस वर्षं नौदलाच्या गोदीत आणि भांडारात मुलकी कर्मचारी म्हणून काढली, त्यातली शेवटची बारा तपासणीच्या टेबलावर. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

तुझी वजाबाकी बरोबर आहे. पण तू सैन्याला तांदळाचं पोतं धरून चालली आहेस. पोत्यातून मूठभर काढलं तर मूठभरच कमी होतं. तुझं आजोळ चोडणचं आहे असं तू लिहिलंस, म्हणजे खाजनाचा, खाडीकाठच्या शेताचा, बांध तू पाहिलेला असणार. बांध हजार हात लांब आणि खेकड्याचं बीळ वीतभर. मोजायला गेलं तर बांधाचा हजारावा हिस्साही गेलेला नाही. पण अमावास्येच्या भरतीला खारं पाणी नेमकं तिथूनच शिरतं, बीळ रुंदावतं, आणि सकाळी बघावं तर बांध फुटलेला. शेत एकदा खारावलं की ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. म्हणून तर गावकरी बांधावरून फिरून डोळ्यांनी पाहणारा माणूस ठेवत. समज, त्या माणसाने घरी बसूनच सांगितलं, 'बांध ठीक आहे.' मग ज्याला माती टाकायची होती तो टाकत नाही, ज्याला मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आतबाहेर सोडायच्या वाटेची, दारं लवकर बंद करायची होती तो करत नाही, आणि ज्याने त्या वर्षी पेरायलाच नको होतं तो पेरून बसतो.

सैन्यात अगदी हेच होतं. चोरी करणाऱ्याला माल नेऊन भागत नाही. गोदाम भरलेलं आहे, असं कोणाकडून तरी लिहूनही घ्यावं लागतं. तो कागद वर जातो आणि वरचा माणूस त्याच्या भरवशावर माणसं पाठवतो. दहा रुपये गेले ते गेले. पण उरलेले नव्वद कुठे आहेत, हे आता सेनापतीला ठाऊक नसतं. दहा टक्के कमी आहेत हे ज्याला माहीत असतं, तो नव्वदांची योजना आखून नेटाने लढतो. ज्याला माहीत नसतं, त्याची फळी नेमकी त्या दहांच्या जागी उघडी पडते.

इराकमधलं मोसुल १० जून २०१४ रोजी 'इस्लामिक स्टेट'च्या हाती गेलं. चाल करून आलेले लोक हजार-दीड हजार, आणि शहर राखायला कागदावर सैन्याच्या दोन डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिक, शिवाय पोलीस. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं की चार डिव्हिजनच्या हजेरीपटावर ५०,००० नावं अशी आहेत ज्यांची माणसंच जागेवर नाहीत. इराकी लोक अशा सैनिकांना 'अंतराळवीर' म्हणत. काही नावं निव्वळ बनावट होती. बाकीची माणसं खरीखुरी, पण ती घरी असत किंवा दुसरा कामधंदा करत, आणि पगाराचा मोठा हिस्सा अधिकाऱ्याला देऊन गैरहजर राहण्याची मुभा विकत घेत.

आता तुझा हिशेब लावून बघ. समज, शंभरांच्या कंपनीत तीस 'अंतराळवीर' आहेत. चौकीवर चौघं हवेत तिथे दोघं किंवा तिघं उभे. त्यांना बदली मिळत नाही, झोप मिळत नाही. वरच्या मुख्यालयाने अडीनडीला पाठवायची म्हणून जी राखीव तुकडी नकाशावर धरलेली असते, ती मुळातच अर्धी. पण खरं नुकसान उरलेल्या सत्तरांच्या मनात होतं. आपला साहेब कोणाचा पगार खातो हे त्यांना रोज दिसत असतं. हल्ल्याच्या रात्री तोच साहेब म्हणाला, "टिकून राहा, कुमक निघाली आहे," तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? मोसुलमध्ये वरिष्ठ सेनापती शहर सोडून गेल्याचं कळताच उरलेल्यांनी गणवेश उतरवले. तीस गैरहजर होते, म्हणून सत्तरही गेले.

अफगाणिस्तानात याच रोगाचं मोठं रूप दिसलं. सरकारी दलांची कागदावरची संख्या ३ लाख. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, आणि त्यानंतर माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी उघड सांगितलं की त्या ३ लाखांतले बहुतेक अस्तित्वातच नव्हते.

पण इराक-अफगाणिस्तान लांबचे. मी स्वतः ज्यात होतो ते सांगतो. जागेचं आणि माणसांचं नाव घेणार नाही.

१९९० च्या दशकातली गोष्ट. एका जहाजावर आगीचा पंप होता, समुद्राचं पाणी खेचून होजपाइपला देणारा. त्याचा मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतून पाणी गळू न देणारा भाग, गळायला लागला म्हणून नवा मागवला. टेंडरात ज्याचा भाव सगळ्यात कमी, त्याचा माल आला. डबा हुबेहूब मूळ कंपनीचा, आतला सील नकली. सीलची दोन तोंडं एकमेकांवर फिरतात, ती आरशासारखी सपाट घासलेली लागतात. याच्या तोंडावरून नख फिरवलं तरी खरखर कळली असती. पण नख फिरवायला डबा उघडावा लागतो. तपासणीच्या कागदावर 'नमुना तपासला' असा शिक्का होता आणि डब्याचं कागदी सील शाबूत होतं. पंप अकरा तास चालला आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरलं.

जहाजावरच्या मेकॅनिकने लॉगबुकात लिहिलं, 'पंप बंद. सील निकामी, लॉट क्रमांक अमुक. बेअरिंग गेलं.' खाली तारीख, वेळ, सही.

महिन्याचा तक्ता भरायची वेळ आली तेव्हा जहाजाचा सराव तोंडावर होता. लाल शेरा कोणालाच नको होता. जहाजावरून माझ्याकडे जो कागद आला त्यात होतं, 'पंप चालू, सील बदलणं बाकी.' मी फोन करून विचारलं. पलीकडून सांगण्यात आलं, दहा दिवसांत दुसरा सील येतोय, कशाला उगाच वाढवता? मी चाळीस बाबींच्या तक्त्यात लिहिलं, 'चालू, देखरेखीखाली,' आणि सही केली. पुढच्या महिन्यात कारकुनाने नक्कल करताना 'देखरेखीखाली' हा शब्द रकान्यात मावला नाही. राहिलं 'चालू.' त्याच्या वरच्या कचेरीत चाळीस बाबींची टक्केवारी झाली: अग्निशमन यंत्रणा ९५ टक्के सज्ज. या साखळीत पैसे खाल्ले असतील तर फक्त एकाने, ज्याने डबा उघडला नाही. बाकी आम्ही सगळ्यांनी फुकट खोटं लिहिलं, कोणी साहेबाला बोलणी बसू नयेत म्हणून, कोणी सराव चुकू नये म्हणून, कोणी रकाना लहान म्हणून.

साडेतीन महिन्यांनी जहाज धक्क्याला असताना रंगाच्या कोठीत आग लागली. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने तोच पंप सुरू करायला सांगितलं, कारण तो जवळचा आणि कागदावर चालू. पंप सुरू होईना. खटपटीत चार-पाच मिनिटं गेली. जहाजाच्या दुसऱ्या टोकाला एक चांगला पंप होता. हा बंद आहे हे आधी ठाऊक असतं तर त्या अधिकाऱ्याने पहिल्याच मिनिटाला तिकडून होज ओढले असते. तेवढ्यात बावीस वर्षांचा एक नौसैनिक हातातलं अग्निशामक घेऊन आत गेला. आग विझली, पण त्याचे दोन्ही हात भाजले. मी त्याला रुग्णालयात भेटायला गेलो. तक्त्यावर माझी सही होती, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ते ओझं आजही माझ्यावर आहे.

नकली सीलमध्ये कोणी फार तर काही हजार रुपये कमावले असतील. ती चार मिनिटं मात्र आमच्या तक्त्याने खाल्ली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा कळलं.

एक पैसाही न खाता निव्वळ खोट्या अहवालाने काय होतं, त्याचा सगळ्यात भयंकर नमुना मला ऑक्टोबर १९४४ मध्ये दिसतो. १२ ते १६ तारखेदरम्यान तैवानजवळच्या समुद्रात जपानी विमानांनी अमेरिकेच्या ताफ्यावर हल्ले केले. वैमानिक पोरसवदा, पुरेसं प्रशिक्षण न झालेले, आणि बरेच हल्ले अंधारात. पाण्यावर पेटलेलं आपलंच विमान त्यांना जळतं जहाज वाटे. परतलेला प्रत्येक जण सांगे, मी एक बुडवलं. तळावरच्या अधिकाऱ्याला त्या मुलांना 'नाही रे, तुला तसं वाटलं' म्हणायचा धीर होत नसे, कारण सोबतचे कितीतरी परतलेच नव्हते. वर बेरीज होत गेली. शाही मुख्यालयाने जाहीर केलं की ११ विमानवाहू जहाजं आणि २ युद्धनौका बुडवल्या. प्रत्यक्षात एकही विमानवाहू जहाज बुडालं नव्हतं. कॅनबेरा आणि ह्यूस्टन या दोन क्रूझर जबर जखमी झाल्या, पण त्याही तरंगत होत्या. उलट जपानचीच तीनशेहून अधिक विमानं गेली.

पुढे जे झालं त्याने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. पुनर्तपासणीत नौदलाला शंका आली की आकडा खोटा आहे. त्यांनी ती भूदलाला कळवली नाही. फिलिपिन्समध्ये निर्णायक लढाई लुझोन बेटावर द्यायची असं आधी ठरलेलं होतं. शत्रूचा ताफा संपलाच आहे असं समजून भूदलाने बेत बदलला आणि लेयते बेटावर सैन्य पाठवायचं ठरवलं. तिथले सेनापती यामाशिता यांचा विरोध होता, तो मानला गेला नाही. २० ऑक्टोबरला अमेरिकी फौज लेयतेवर उतरली, ती त्याच 'बुडालेल्या' विमानवाहू जहाजांच्या छत्राखाली. कुमक घेऊन निघालेली कितीतरी जपानी जहाजं वाटेतच बुडवली गेली, आणि जे सैनिक बेटावर पोहोचले त्यांतले फार थोडे घरी परतले.

एक माणूस मात्र होता ज्याने वेळेवर खरं ओळखलं. भूदलाच्या गुप्तवार्ता विभागातला होरी एइझो नावाचा मेजर तेव्हा फिलिपिन्सला जायला निघाला होता. वाटेत कानोयाच्या तळावर त्याने जल्लोष पाहिला आणि परतलेल्या वैमानिकांना विचारायला सुरुवात केली: कुठल्या प्रकारचं जहाज होतं? बुडताना तू पाहिलंस का? आणखी कोणी पाहिलं? उत्तरं अडखळली. त्याने मुख्यालयाला तार केली की या विजयावर विश्वास ठेवू नका. तारेचा उपयोग झाला नाही. तपासणीच्या टेबलावर तुला आयुष्यभर हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत, म्हणून मी त्याचं नाव मुद्दाम घेतलं.

जिंकणाऱ्यांच्या घरीही हा रोग असतो, हे विसरू नकोस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांचा 'मार्क १४' हा टॉर्पेडो जवळजवळ दोन वर्षं दगा देत होता. नेमलेल्यापेक्षा खोल जायचा, चुंबकी स्फोटक भलत्याच वेळी उडायचं, आणि सरळ धडकला तर आतली पिन वाकून फुटायचाच नाही. युद्धाआधी तो खऱ्या स्फोटकासह नीट तपासलाच नव्हता, कारण एकाची किंमत सुमारे दहा हजार डॉलर आणि प्रत्येक चाचणीत एक जाणार. कमांडर तक्रार करत, आणि शस्त्रं बनवणारं खातं उत्तर देई की टॉर्पेडो उत्तम आहे, तुमचा नेम चुकतो. १९४२ च्या जूनमध्ये अ‍ॅडमिरल लॉकवुड यांनी ऑस्ट्रेलियात आल्बनीजवळ पाण्यात कोळ्यांचं जाळं टांगलं आणि त्यावर टॉर्पेडो सोडले. जाळ्याला भोकं पडली ती ठरल्यापेक्षा सुमारे अकरा फूट खाली. पुढच्या वर्षी २४ जुलैला 'टिनोसा' पाणबुडीने एका मोठ्या जपानी तेलवाहू जहाजावर पंधरा टॉर्पेडो सोडले, त्यातले बहुतेक धडकले आणि फुटले नाहीत. कमांडर डॅस्पिट यांनी शेवटचा एक मारला नाही, तपासणीसाठी परत नेला. चिडून तोही मारला असता तर आम्हा तपासनीसांच्या हाती काहीच आलं नसतं.

आता आपल्या घरचं. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, त्या सकाळी पोर्तुगीजांनी अस्नोड्याचा पूल उडवला. तो आवाज माझ्या वडिलांनी ऐकला होता. साधारण साडेतीन हजारांची फौज, विमानविरोधी शस्त्रं नाहीत, लढाऊ विमानं नाहीत. समुद्रावर एकच खरी लढाऊ बोट, 'अफोंसो द आल्बुकेर्क', तीही १९३० च्या दशकातली. हे लिस्बनला कळत नव्हतं असं नाही. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत नको असलेली गोष्ट वर पोहोचली तरी तिचा उपयोग होत नसे. त्याचा हुकूम होता की निदान आठ दिवस लढा, शरणागती नाही, आमचे सैनिक एक तर विजयी असतील नाही तर मेलेले. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी खरी परिस्थिती पाहिली आणि १९ डिसेंबरच्या रात्री वास्कोत, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात, शरणागतीवर सही केली. इकडे हे चालू असताना पोर्तुगालमधल्या बातम्यांत हातघाईची लढाई रंगवली जात होती. खरं वागलेल्या गव्हर्नरला मायदेशी सैन्यातून काढून टाकलं. १९७४ मध्ये लिस्बनला ती राजवट सैन्यानेच उलथवली, त्यानंतर त्यांना मान परत मिळाला. आपल्या मुक्तीच्या दृष्टीने जे झालं ते चांगलंच झालं. पण त्या हुकुमाप्रमाणे गोष्टी घडल्या असत्या तर पणजी-मडगावात किती माणसं नाहक मेली असती, याचा विचार कर.

तुझ्या हिशेबात न बसणारं आणखी एक नुकसान आहे आणि ते आपल्या देशाने फार सोसलं. लाच देऊन घेतलेली वस्तू वाईटच असते असं नाही. बोफोर्सची तोफ कारगिलमध्ये १९९९ ला कशी चालली ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९८६ चा तो करार ४१० तोफांचा, सुमारे १,४३७ कोटींचा. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली, आणि त्यानंतर तोफखरेदीच्या फाइलवर सही करायला कोणी धजेना. पुढची नवी परदेशी हॉवित्झर भारतात उतरली ती २०१७ मध्ये. तीस वर्षं!

पाणबुड्यांचं तर मला जास्त लागतं, कारण ती माझ्या क्षेत्रातली गोष्ट. १९८१ मध्ये जर्मन कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे बांधायच्या, दोन मुंबईत माझगावला, आणि पुढे आणखी दोन घेण्याची सोय. १९८७ मध्ये दलालीचा आरोप झाला आणि पुढच्या बोटींचा विषय बारगळला. माझगावला बांधलेल्या 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात आल्या. त्यानंतर देशात बांधलेली पारंपरिक पाणबुडी दाखल झाली ती 'कलवरी', डिसेंबर २०१७ मध्ये. मधली तेवीस वर्षं गेली. पाणबुडीच्या कवचाचं वेल्डिंग म्हणजे फाटकाची जाळी जोडणं नव्हे. त्या जाडीच्या पोलादाला किती तापवायचं, किती सावकाश थंड करायचं, हे अंगात मुरायला वर्षं लागतात. असे तयार झालेले हात दुसऱ्या कामांवर गेले, निवृत्त झाले. २००५ मध्ये 'कलवरी'च्या जातीच्या, स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा पुष्कळसं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. दलालीचा आकडा काढता येतो. त्या हातांची किंमत कुठल्याच लेखापरीक्षणात येत नाही.

रशियाचं तू बातम्यांत वाचलंसच. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हच्या उत्तरेला सुमारे चौसष्ट किलोमीटर लांबीचा ताफा दिवसचे दिवस रस्त्यात अडकून पडला. त्याची कारणं अनेक आहेत. पण फोटोंतले फाटलेले टायर पाहून आमच्यासारख्यांना लगेच ओळख पटली. गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी ठेवली की टायर एकाच बाजूला उन्हाने कडक होतो. तो टिकवायला गाडी ठरावीक दिवसांनी हलवायची असते, आणि ती हलवल्याची वहीत नोंद करायची असते. नुसत्या नोंदी भरल्या गेल्या की गाड्या खरंच हलल्या, हे टायर सांगतो. कुर्स्क प्रांतात सीमेवरच्या तटबंदीसाठी पैसा ओतला गेला. ६ ऑगस्ट २०२४ ला युक्रेनची फौज ती सीमा ओलांडून आत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये तिथल्या माजी गव्हर्नराला त्याच तटबंदीच्या पैशांच्या अफरातफरीच्या आरोपावरून अटक झाली. संरक्षण उपमंत्री राहिलेले तिमूर इवानोव्ह यांना २०२५ मध्ये १३ वर्षांची शिक्षा लागली. तरीही एवढ्यावरून रशिया कोसळला असं समजू नकोस. पहिल्या तडाख्यानंतर त्यांनी पुष्कळ सुधारलंही. मोठा देश चुका पचवू शकतो, फक्त त्या पचवताना माणसं जातात.

आणि युक्रेन काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या पत्रकारांनी उघड केलं की सैन्यासाठी अंडं १७ रिव्निया (तिथलं चलन) दराने घेतलं जातंय, बाजारात ते सातच्या आसपास असताना. भर युद्धात हे छापलं. उपमंत्री गेले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्रीही बदलले. युद्ध चालू असताना असं छापू नये, शत्रूला आयतं मिळतं, असं म्हणणारे तिकडेही होते, इकडेही आहेत. मला ते पटत नाही. आपले टायर फाटलेत हे शत्रूला उपग्रहातून, हेरांकडून, शेवटी रणांगणावर कळतंच. ज्याला कळत नाही तो आपला मंत्री आणि ज्याची मुलं तिकडे आहेत तो आपला नागरिक.

म्हणून महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या दारूगोळ्यावरच्या अहवालाबद्दल मला आदर आहे. सप्टेंबर २०१६ ची स्थिती त्यांनी मांडली: भूदलाच्या १५२ प्रकारांच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार असे की युद्ध झालं तर दहा दिवसही पुरणार नाहीत. वाचताना पोटात गोळा येतो. पण हा आकडा खरा मांडला गेला, आणि त्याच सुमारास, उरीच्या हल्ल्यानंतर, तातडीच्या खरेदीचे अधिकार उपसेनाप्रमुखांना दिले गेले. कपाट रिकामं आहे हे मान्य केल्याशिवाय ते कोणी भरत नाही.

यावर इलाज आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर एकाच माणसाच्या हाती सगळं नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस बरोबरीच्या दर्जाचे, आणि कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे वेगळा. ज्याच्या हाती किल्ल्या, त्याच्या हाती हजेरीपट नाही. पगार रोख, म्हणजे माणूस समोर उभा राहिल्याशिवाय पैसा नाही. पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोहोचवली नाही म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी लिहिलेलं पत्र मिळालं तर जरूर वाच. तिकडे आरमार शत्रूसमोर उभं आणि इकडे सुभेदार रसद पाठवत नाही, म्हणजे हा हबशांशी, जंजिऱ्याच्या सिद्दीशी, फितूर झाला असावा, असा थेट संशय त्यात आहे. रसद अडवणाऱ्याला महाराज कामचुकार म्हणत नाहीत, शत्रूचा माणूस धरतात. मला ते अक्षरशः योग्य वाटतं.

तू कनिष्ठ तपासनीस म्हणून लागशील. धोरणं तुझ्या हाती नसतील, डबा मात्र असेल. तो उघड. नमुना पुरवठादाराने काढून दिलेला घेऊ नकोस, ढिगातून स्वतः उचल. चाचणीचं प्रमाणपत्र आलं तर त्यावरचा लॉट क्रमांक मालावरच्या क्रमांकाशी ताडून बघ, निम्मी लबाडी तिथेच सापडते. 'चालू' लिहायच्या आधी ते स्वतः चालवून बघ. नसेल चालवलं तर 'पाहिलं नाही' असं लिही, ते लिहायला नियमाने कुठेही बंदी नाही. कोणी फोनवर काही बदलायला सांगितलं तर म्हण, दोन ओळी लिहून पाठवा. लिहायची वेळ आली की दहांतले नऊ जण गप्प होतात. दहावा लिहून पाठवील, तेव्हा त्याचा कागद जपून ठेव. त्रास होईल. माझ्या ओळखीत खरं लिहिल्यामुळे बदली झालेली माणसं आहेत, बढती हुकलेली आहेत. तुला मी खोटी आशा दाखवणार नाही. पण बरोबरच्या दोन-तीन जणांनी एकत्र खरं लिहिलं तर एकट्यावर येत नाही, हेही मी पाहिलंय.

त्या पंपाचं पुढे काय झालं ते राहिलं. चौकशी बसली. आमचे सगळे तक्ते टेबलावर मांडले, सगळीकडे 'चालू.' मग कोणीतरी जहाजाचं मूळ लॉगबुक मागवलं. मेकॅनिकला ते पान पुन्हा लिहायला सांगण्यात आलं होतं, त्याने ते लिहिलं नव्हतं. आग विझवताना उडालेल्या पाण्याने शाई फुटली होती, पण तारीख, वेळ आणि सीलचा लॉट क्रमांक वाचता येत होता. त्या क्रमांकावरून त्याच लॉटमधले सील आणखी दोन जहाजांवर गेल्याचं निघालं. ते पंप उघडले. दोन्हींत नकली सील होते, आणि दोन्ही पंप त्या महिन्याच्या तक्त्यात चालू होते.